अहमदीत केंटकीचा गव्हर्नर

विश्वासराव रेगे यांना आयुष्यात जे जे हवंसं वाटलं, त्या प्रत्येक गोष्टीला त्यांनी आधी 'नको' म्हटलं होतं.

यात त्यांचा फारसा दोष नव्हता. गिरगावातल्या ज्या घरात ते वाढले, तिथे लाडू पुढे आला की पहिल्यांदा 'नको' म्हणायचं, दुसऱ्यांदा 'अहो, खरंच नको' म्हणायचं आणि तिसऱ्यांदा 'बरं, अर्धाच' म्हणून अख्खा खायचा, अशी रीत होती. वाढणाऱ्यालाही ती ठाऊक असायची, त्यामुळे उपाशी कुणी राहत नसे. पंचाईत झाली ती कुवेतला आल्यावर. इथल्या एका हॉस्पिटलच्या एक्स-रे विभागात ते लागले आणि काही वर्षांनी इजिप्शियन विभागप्रमुखांनी एका सकाळी विचारलं, "मिस्टर विश्वास, सुपरवायझर व्हाल?" विश्वासराव लाजून म्हणाले, "नो नो सर, मी आहे तिथे बरा आहे," आणि दुसऱ्यांदा विचारलं जाण्याची वाट बघत उभे राहिले. साहेबांनी 'थँक यू' म्हटलं आणि ते पुढच्या खोलीत गेले. पुढच्या खोलीत जो होता, त्यानं प्रश्न पुरा व्हायच्या आत 'येस' म्हणून टाकलं.

घरी आल्यावर विश्वासरावांनी बायकोला सांगितलं, "मला कुठे हवी होती ती कटकट?" प्रभाताई स्वतः नर्स, दिवसभर पेशंटांचं खरं-खोटं दुखणं ओळखणाऱ्या. पण नवऱ्याचं हे बोलणं त्यांनी खरं धरलं आणि कुकर लावायला गेल्या. विश्वासराव त्या दिवशी दोन पोळ्या कमी जेवले.

तर अशा या माणसाला किनारा मित्रमंडळाचं अध्यक्ष व्हायचं होतं.

किनारा मंडळ म्हणजे काही मोठी संस्था नव्हे. कुवेतमध्ये सलव्यापासून रिग्गईपर्यंत विखुरलेली चाळीसेक मराठी माणसं. त्यांत डॉक्टर, नर्सेस, लॅबवाले होते, तसे रत्नागिरी-रायगडकडचे मुसलमान व्यापारीही होते. गणपतीत सगळे जमायचे, ईदला सगळे जमायचे आणि थंडीत अहमदी गावात डॉक्टर सुमेधच्या बंगल्यामागच्या हिरवळीवर वार्षिक सभा व्हायची. सभा म्हणजे दहा मिनिटं सभा आणि उरलेला दिवस तळलेली सुरमई. निवडणूक मंडळानं कधी पाहिलीच नव्हती. कुणीतरी कुणाचं तरी नाव सुचवायचं, त्यानं दोनदा नको म्हणायचं, तिसऱ्यांदा मान खाली घालायची, की टाळ्या. मोरेश्वर आपटे असेच अध्यक्ष झाले आणि ते कायमचे पुण्याला परत जाईपर्यंत अध्यक्ष राहिले.

आपट्यांच्या निरोपाच्या दिवशीच विश्वासरावांच्या मनानं घेतलं होतं. कुवेतमधून एरवी माणूस कसा जातो, ते त्यांनी खूपदा पाहिलं होतं. त्याचा सोफा कुणीतरी घेऊन जातं, त्याची गाडी विकायला असल्याचा मेसेज ग्रुपवर येतो आणि मग एक दिवस त्याच्या नावापुढे 'ग्रुप सोडला' एवढं दिसतं. महिन्याभरानं त्याचं आडनाव आठवायला विचार करावा लागतो. पण आपटे अध्यक्ष होते, म्हणून त्यांचा रीतसर समारंभ झाला. एकेकानं उठून त्यांचं नाव घेतलं, एकेक आठवण सांगितली. विश्वासराव मागच्या रांगेत बसून टाळ्या वाजवत होते. येत्या जूनमध्ये त्यांचीही नोकरी संपत होती. मुलगी सुखदा दहावी होणार, मग तिघंही परत. जाताना आपलंही नाव कुणीतरी मोठ्यानं घ्यावं, एवढीच त्यांची इच्छा होती. ती त्यांनी कुणालाही सांगितली नव्हती. सांगितली असती, तर ती त्यांची इच्छा कसली!

नोव्हेंबरात रेग्यांच्याच रिग्गईच्या फ्लॅटमध्ये कार्यकारिणीची बैठक भरली. प्रभाताईंनी चहा फिरवला आणि चिटणीस डॉक्टर सुमेधनी विषय काढला.

"विश्वासराव, आपटे गेले. आता तुम्हीच."

विश्वासराव मनातून खुलले. "छे छे! मला कशाला? नको, नको," ते म्हणाले आणि आग्रहाची वाट बघत कपाकडे बघू लागले.

सुमेधनी 'असं कसं' म्हणायला तोंड उघडलंही होतं. पण शेजारी रसिका बसली होती. ही फिजिओथेरपिस्ट, लातूरची, मंडळात नवी आणि बोलायला रोखठोक. ती म्हणाली, "त्ये नको म्हणायलेत, तर कशाला मागं लागायचं? झहूरभाईंना करू की."

झहूर मुकादम रत्नागिरीचे. फर्वानियात त्यांचं मसाल्यांचं दुकान होतं आणि विश्वासरावांशी वीस वर्षांची दोस्ती. ते दचकले. "नाय रे बाबा! मना नको ती भानगड. दुकान कोण बघेल?"

झहूरभाईंना खरोखरच नको होतं. पण सुमेधना वाटलं, हा पहिला नकार. त्यांनी आग्रह केला. झहूरभाई आणखी जोरात नाही म्हणाले, तेव्हा सगळ्यांना बरं वाटलं, गाडी रुळावर आली. तिसऱ्यांदा आग्रह झाला, तेव्हा वैतागून झहूरभाईंनी दोन्ही हात जोडले. "माफ करा मना!"

"वा! झहूरभाईंनी नमस्कार केला!" सुमेध म्हणाले आणि टाळ्या पडल्या.

मग सुमेधना आठवलं, की विश्वासरावांना अजून दोनदा विचारायचं राहिलंय. त्यांनी घाईघाईनं विचारलं. विश्वासराव घाबरले होते, त्यांनी दुसरा आणि तिसरा नकार एका दमात उरकून मान खाली घातली. मंडळाच्या इतिहासात पहिल्यांदाच दोन माणसं एकाच पदाला नाही म्हणून बसली होती आणि आता यांतल्या कुणाला 'तुम्ही राहू द्या' म्हणायचं, हे कुणाच्यानं बोलवेना. खतिजाभाभी, म्हणजे झहूरभाईंच्या बायको, चहा छान झाल्याचं पुन्हा पुन्हा सांगू लागल्या.

तेवढ्यात जेवणाच्या टेबलाजवळून आवाज आला. "मग इलेक्शन घ्या ना. केंटकीसारखं."

ही सुखदा. सलव्याच्या अमेरिकन शाळेत जाणारी, घरात मराठी ऐकून निम्म्या इंग्रजीत उत्तर देणारी. अठराशे वीसच्या सुमाराला अमेरिकेतल्या केंटकी राज्यात गव्हर्नर कसा निवडला जायचा, ते माणसं जमवून करून दाखवायचं आणि त्याचा व्हिडिओ काढायचा, असा तिला इतिहासाचा प्रोजेक्ट होता. माणसं कुठून आणायची, याच विवंचनेत ती होती.

"बॅलटच नव्हता," ती लॅपटॉपमध्ये बघत सांगू लागली. "मत देणारा क्लार्कसमोर उभा राहायचा आणि आउट लाउड नाव सांगायचा. सगळ्यांसमोर. उमेदवार नाहीतर त्याचा माणूस तिथेच बसलेला असायचा. आपल्याला मत दिलं, की उठून थँक्स म्हणायचं. आणि कॅंडिडेटनं स्वतः मत मागायचं नाही, ते चीप दिसायचं. फ्रेंड्सनी मागायचं."

"सभ्य माणसं होती म्हणायची," विश्वासराव भारावून म्हणाले.

"हो, आणि काही जण तर मॅनर्स म्हणून समोरच्यालाच मत द्यायचे."

"बघा!" विश्वासरावांनी सगळ्यांकडे पाहिलं. दोनशे वर्षांपूर्वीच्या केंटकीत आपण सुखानं नांदलो असतो, अशी त्यांची खात्री पटली.

"आणि व्हिस्की," सुखदा म्हणाली. "वोटर्सना फ्री व्हिस्की."

"कुवेतात व्हिस्की पाजलीत तर गव्हर्नर सरळ परतीच्या विमानात बसेल," प्रभाताई म्हणाल्या.

"मी सोलकढी करीन," खतिजाभाभी म्हणाल्या. "पातेलंभर."

"बायकांना मत नव्हतं," सुखदानं पुढे वाचलं. तिचा आवाज जरा पडला. "गुलामांना तर नव्हतंच. ते लोक तिथेच राबत असायचे आणि त्यांना कुणी विचारायचंसुद्धा नाही."

"मग तेवढं केंटकीचं केंटकीला ठेवायचं," प्रभाताईंनी निकाल दिला. "आपल्याकडे सगळ्यांनी बोलायचं."

सगळ्यांना हे खेळासारखं वाटलं. उचलून धरलं ते मात्र विश्वासरावांनीच. त्यांनी मनात हिशेब मांडला होता. चिठ्ठीवर माणूस काय वाटेल ते लिहील, पण मी समोर बसलेला असताना माझ्या तोंडावर दुसऱ्याचं नाव घेण्याची कुणाची छाती आहे? मराठी माणूस आहे, त्याला भीड म्हणून काही आहे की नाही? प्रत्येक जण येणार, माझ्याकडे बघणार आणि गुमान माझं नाव घेणार. त्या रात्री विश्वासरावांनी मनातल्या मनात आभाराचं भाषण तयार केलं आणि प्रभाताईंनी 'हसताय कशाला' म्हणून विचारलं, तेव्हा 'कुठे काय' म्हणून कूस बदलली.

हिशेब बरोबर होता. फक्त झहूरभाईसुद्धा समोरच बसणार होते, हे त्यात धरायचं राहिलं होतं.

जानेवारीतल्या शुक्रवारी दुपारी सगळे अहमदीत जमले. ऊन कोवळं होतं. सुमेधच्या बंगल्यामागच्या झाडांखाली एक टेबल, टेबलामागे काळ्या कागदाची उंच टोपी घालून सुखदा, बाजूला फळा आणि स्टँडवर मोबाइल. टेबलाच्या दोन अंगांना दोन खुर्च्या. एकीवर विश्वासराव निळ्या कोटात, टाय बांधून. दुसरीवर झहूरभाई, थेट तव्यापासून उठून आलेले, हाताला तिखट-हळदीचा वास. कोपऱ्यात खतिजाभाभींची सोलकढी आणि सुरमईच्या तुकड्या रव्यात घोळून तयार.

"डॉक्टर सुमेध," सुखदानं पुकारलं. "तुमचं मत कुणाला?"

सुमेध टेबलासमोर आले. त्यांनी डावीकडे पाहिलं. विश्वासराव हसले. त्यांनी उजवीकडे पाहिलं. झहूरभाईंनी मान डोलावली. सुमेध भर जानेवारीत घामाघूम झाले.

"म्हणजे कसं आहे," ते म्हणाले, "दोघंही आपलेच. माझं दोघांनाही."

"एकच नाव, अंकल."

"मग बहुमत जिकडे जाईल, तिकडे माझं धर."

"बहुमत अजून झालंच नाहीये."

"झालं की सांग," म्हणून सुमेध सोलकढीकडे सटकले.

त्यांच्यानंतर जयराम आला. हा ब्लड बँकेतला. तो टेबलापर्यंत पोचला आणि एकदम खिशात हात घालून फोन कानाला लावला. "हां हां, बोला," म्हणत तो कुंपणापर्यंत गेला. फोन वाजला नव्हता, हे कॅमेऱ्यानंही टिपलं. त्याच्यामागची ताहिरा 'मी आलेच' म्हणून तव्यापाशी गेली, ती गेलीच. कुणी म्हणालं, थोरामोठ्यांनी आधी द्यावं. थोरमोठे म्हणाले, आता तरुणांनी पुढे यावं. रसिका तेवढी खंबीरपणे टेबलासमोर उभी राहिली, दोघांकडे बघून तिनं तोंड उघडलं, आणि लातूरचा रोखठोकपणा तिथेच संपला. "मी जेवून सांगते," ती म्हणाली. बघता बघता रांग विरघळली आणि सोलकढीचं पातेलं निम्म्यावर आलं. फळा कोराच होता.

"धिस इज सो एम्बॅरसिंग," सुखदा टोपी सावरत पुटपुटली. "केंटकीत असं काही झालं नव्हतं."

विश्वासराव मात्र कोऱ्या फळ्याकडे बघत होते. एकही माणूस आपलं नाव घेत नाही. झहूरभाईंचंही घेत नाही, हे खरं. पण त्यात समाधान ते काय?

"खतिजा मुकादम," सुखदानं शेवटच्या आशेनं पुकारलं.

खतिजाभाभी ओढणी सारखी करून आल्या. नवऱ्याकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. "विश्वासभाऊ," त्या म्हणाल्या, आणि मागे वळून बायकांना हळूच सांगितलं, "चारचौघांत आपल्याच मालकाला मत कसं द्यायचं? बरं दिसतं का ते?"

विश्वासराव ताडकन उठले. "आभारी आहे, भाभी!" त्यांचा आवाज जरा चिरकला. फळ्यावर पहिली रेघ उमटली.

"प्रभा रेगे."

प्रभाताई आल्या. विश्वासरावांनी टाय नीट केला. प्रभाताईंनी खतिजाभाभींकडे पाहिलं. तिनं एवढा मोठेपणा दाखवला, आता आपण कमी पडून चालेल का? आणि यांना तसंही हे नकोच आहे, चांगलं तीनदा म्हणाले माझ्यासमोर.

"झहूरभाई," त्या म्हणाल्या आणि नवऱ्याकडे बघून 'सोडवलं की नाही' असं हसल्या.

विश्वासरावही हसले. त्या हसण्याचा एक्स-रे काढला असता, तर त्यात काय दिसलं असतं, ते सांगायला नको.

"झहूर मुकादम."

झहूरभाईंनी तर वाटच पाहिली नाही. "विश्वासराव रेगे! हजारदा विश्वासराव!" सुटकेचा रस्ता दिसल्यासारखे ते म्हणाले. विश्वासराव पुन्हा उठले, आभार मानून बसले.

"विश्वास रेगे," सुखदा म्हणाली. "बाबा, तुमची टर्न."

विश्वासराव टेबलासमोर जाऊन उभे राहिले. आता सोलकढीजवळची माणसंही बघू लागली. काय होणार, ते सगळ्यांना ठाऊक होतं. झहूरभाईंनी मोठेपणा केला, आता विश्वासराव झहूरभाईंचं नाव घेणार, बरोबरी होणार, सगळे हसणार आणि सुरमई वाढली जाणार. सुखदानंही फळ्यावर झहूरभाईंच्या बाजूला खडू टेकवून ठेवला होता.

'झहूर' हा शब्द विश्वासरावांच्या ओठांवर आलेला होता. तो म्हटला असता तर तो खोटाही नव्हता, कारण झहूरभाई खरोखर लाख माणूस. पण त्यांना एकदम तो सकाळचा एक्स-रे विभाग आठवला. साहेबांची पाठ आठवली. दार हळूच लागलं होतं, ते आठवलं. आत्ता हे नाव घेतलं, की जूनमध्ये सोफा जाईल, गाडी जाईल आणि 'ग्रुप सोडला' एवढं दिसेल. दुसऱ्यांदा विचारायला कुणीही येणार नाही. त्यांना रडू आल्यासारखं झालं. आणि सत्तावन्न वर्षांच्या माणसाला, निळ्या कोटात, सुरमईच्या वासात रडू येणं बरं नव्हे, म्हणून ते ओरडले.

"विश्वास रेगे!"

सुखदाचा खडू हवेतच राहिला. "बाबा, म्हणजे तुम्ही?"

"मीच. मला हवंय. मला अध्यक्ष व्हायचंय." एकदा तोंड उघडल्यावर ते मिटेना. "पहिल्यापासून हवं होतं. नको म्हणालो, ते आपलं म्हणायचं म्हणून म्हणालो. जूनमध्ये मी चाललो. त्याआधी एकदा तुम्ही सगळ्यांनी माझं नाव घ्यावं, असं मला वाटतं. झालं. हे एवढंच."

तव्यावर एक तुकडी चर्र करत होती, तिच्याकडेही कुणाचं लक्ष नव्हतं.

सुखदा क्लार्क होती. तिनं विश्वासरावांच्या बाजूला रेघ मारली, घसा साफ केला आणि म्हणाली, "रूल आहे. कॅंडिडेटनं वोटरला थँक्स म्हणायचं."

विश्वासरावांनी मुलीकडे पाहिलं. मग ते टेबल सोडून आपल्या खुर्चीशी गेले, खुर्चीत बसले, रीतसर उठले आणि आपण जिथे उभे होतो, त्या रिकाम्या जागेकडे बघून म्हणाले, "विश्वासराव, मी तुमचा फार आभारी आहे."

आधी झहूरभाई हसले. पोट धरून, खुर्चीच्या हाताला धरून हसले, मग सगळी हिरवळ हसली. "अरे मग आदी सांगायचं नाय!" झहूरभाई डोळे पुसत म्हणाले. "माजा नको खरा होता, तो कुणी मानला नाय. तुजा खोटा होता, तो सगळ्यांनी मानला!"

प्रभाताई मात्र हसत नव्हत्या. त्या टेबलापाशी आल्या. "अहो, मला काय माहीत तुम्हाला हवंय! इतकी वर्षं तुमचं 'मला कुठे हवं होतं' ऐकतेय." त्यांना काहीतरी आठवलं असावं, कारण त्या एकदम थांबल्या. "ते सुपरवायझरचं... तेही हवं होतं?"

विश्वासरावांनी होकारार्थी मान डोलावली.

"आणि मी कुकर लावायला गेले," प्रभाताई म्हणाल्या. मग त्या सुखदाकडे वळल्या. "माझं मत बदल गं."

"नाही येत बदलता, आई. एकदा बोललं की बोललं."

पण आता भीड मोडली होती. एका माणसानं सगळ्यांसमोर स्वतःचंच नाव घेतल्यावर बाकीच्यांना दुसऱ्याचं घ्यायला कसली लाज? रांग आपोआप लागली. जयराम फोन खिशात टाकून आला. "झहूरभाई, राग मानू नका. माझी आई इथे आली होती आणि तिचा खुबा मोडला, तेव्हा विश्वासरावांनी तिचा हात धरून तासभर गोष्टी सांगितल्या. विश्वासराव." ताहिरा आली. "विश्वासकाका, खरं सांगू? तुमचं भाषण फार लांबतं. झहूरचाचा." विश्वासराव इतके खूश होते, की त्यांनी तिचेही आभार मानले आणि सुखदानं त्यांना खाली बसवलं. रसिका म्हणाली, "विश्वासरावच. म्या त्या दिवशी मधी बोलले, चुकलंच माझं." सुमेध म्हणाले, "झहूरभाई," आणि डोळे घट्ट मिटून उभे राहिले. काही झालं नाही, तेव्हा ते डोळे उघडून नवल करत निघून गेले.

विश्वासराव उठत होते, बसत होते, गुडघे कुरकुरत होते. कुणी त्यांचं नाव घेऊन एक वाक्य बोलत होतं, कुणी चार. हरवलेला पासपोर्ट त्यांनी कसा शोधून दिला होता, गणपतीच्या मखराला ते दरवर्षी कसे उलटा खिळा मारतात, लॉकडाउनमध्ये ते दाराबाहेर भाजी ठेवून कसे पळून जायचे. विश्वासरावांना यातलं निम्मं आठवतही नव्हतं. ते ऐकत होते आणि त्यांना आनंद होत होता, अगदी उघड, लपवता न येणारा आनंद.

शेवटी सुखदानं रेघा मोजल्या. पुन्हा मोजल्या. मग टोपी काढून हातात घेतली.

"झहूरकाका जिंकले," ती म्हणाली. "एका मतानं."

प्रभाताईंनी कपाळाला हात लावला. त्यांच्या मनातलं गणित सगळ्यांच्याच लक्षात आलं.

झहूरभाई उठले. "मना काय ते कळत नाय. मी आता अध्यक्ष ना? मग माजा पयला हुकूम. ही खुर्ची विश्वासरावाची. घे रे, बस."

"नको, झहूरभाई," विश्वासराव म्हणाले.

"असं कसं!" सुमेध पुढे सरसावले. त्यांना हे काम नीट येत होतं. "विश्वासराव, आता तुम्हीच!"

"खरंच नको."

"बघा, दुसरा झाला!" कुणीतरी मागून ओरडलं आणि टाळ्यांसाठी हात वर झाले. प्रभाताईंनी ते हातानंच थांबवले आणि नवऱ्याच्या अगदी जवळ जाऊन तोंडाकडे बघत विचारलं, "अहो, हे खरं नको आहे, की आपलं ते नको?"

"खरं आहे गं. मतं पडलीत, ती पडलीत. आणि मला पाहिजे होतं, ते झालं आत्ताच. त्याच्यासाठी खुर्ची कशाला?"

प्रभाताईंनी जरा वेळ त्यांच्याकडे पाहिलं आणि मग सगळ्यांना सांगितलं, "नको म्हणतायत. खरं आहे. सोडा त्यांना." झहूरभाईंनी दोन्ही हात जोडले, आणि या वेळीही ते कुणी मानलं नाही.

पानं मांडली गेली. खतिजाभाभी सुरमईचं ताट घेऊन फिरत विश्वासरावांपाशी आल्या. पहिली तुकडी त्यांची संपलेली होती आणि हात कोरडा व्हायला लागला होता.

"विश्वासभाऊ, अजून एक घेता?" त्यांनी विचारलं आणि सवयीनं, दुसऱ्यांदा विचारायचं म्हणून ताट तसंच धरून उभ्या राहिल्या.

विश्वासरावांच्या जिभेवर तो जुना शब्द आला. त्यांनी तो गिळून टाकला.

"हो," ते म्हणाले. "वाढा भाभी. शेपटीकडची नको, ती मधली द्या. मोठी."